पडल्याची खबर कुणाला?

हौशी : एकटीनं डोंगरात सायकल घालायला तुमचा विरोध आहे, की पडल्याची खबर आपणहून देणाऱ्या यंत्राला? ही दोन वेगळी भांडणं आहेत आणि तुम्ही नेहमी ती एकात एक मिसळता. मी एकटी जाते आणि जाणारच. पहाटे साडेपाचला निघायला तयार असलेला जोडीदार दर रविवारी मिळत नाही, मिळाला तर त्याचा आणि माझा वेग जुळत नाही. तेव्हा एकटं जाणं गृहीत धरा. प्रश्न एवढाच उरतो, की घसाऱ्यावर पुढचं चाक अडकलं, मी हँडलवरून फेकली गेले आणि शुद्ध हरपली, तर ते कुणाला कळणार कसं? शुद्धीत असेन तर शिट्टी वाजवीन, फोन करीन, रांगत वाटेवर येईन. बेशुद्ध माणसाला यातलं काहीच जमत नाही. त्या एका प्रसंगासाठी तुमच्याकडे काय उपाय आहे? यंत्राकडे आहे. ॲपलचं घड्याळ जोराचं पडणं ओळखतं, साधारण मिनिटभर हालचाल दिसली नाही की ३० सेकंदांची उलटी मोजणी करतं, तरी कुणी हात लावला नाही तर आपत्कालीन नंबर फिरवतं. २०२१ पासून त्याला सायकलवरून पडणंही वेगळं ओळखायला शिकवलंय. गार्मिनचा हँडलवरचा संगणक तुम्ही नेमलेल्या माणसांना नाव-ठिकाण धाडतो. स्पेशलाइज्डचा अँजी हा हेल्मेटच्या मागे बसणारा छोटा सेन्सर डोक्याला बसलेला धक्का आणि पीळ, दोन्ही मोजतो. हे सगळं झूठ आहे असं तुम्ही म्हणणार नाही ना?

शंकेखोर : झूठ नाही म्हणणार. एकटं जाण्यालाही माझी ना नाही. मी आयुष्यभर एकटाच हिंडलोय आणि मधली काही वर्षं दुसऱ्यांना वर काढायला दोर वाहिलेत. म्हणूनच तुझ्या वाक्यांच्या शेवटांकडे माझं लक्ष जातं. ‘धाडतो’, ‘फिरवतं’. कशाच्या जोरावर? गार्मिनच्या संगणकाला स्वतःचा आवाज नाही. खिशातला फोन त्याला जोडलेला हवा, फोनला इंटरनेट हवं, तेव्हा कुठे निरोप सुटतो. आणि तो सुटतो तुझ्या ओळखीच्यांकडे, रुग्णवाहिकेकडे नाही. अँजीही फोनवरच बसलेला आहे. साध्या जीपीएस-घड्याळालाही फोन जवळ लागतो. ठिकाण शोधायला टॉवर लागत नाही, ते उपग्रहांवरून कळतं, पण कळलेलं ठिकाण बाहेर काढायला टॉवर लागतोच. आता आपला मुलूख बघ. ताम्हिणीत, वेल्ह्याच्या अंगाला, भोरच्या पलीकडे, सोंडेवर उभं राहिलं की दोन-तीन टॉवर मिळतात. तीच सोंड उतरून नाळेत शिरलं की फोन मुका. आणि पडणारा माणूस वर पडत नाही. तो खालीच जातो, म्हणजे नेमका रेंज नसलेल्या बाजूला. तुझं यंत्र पडल्याचं बरोबर ओळखेल, ठिकाण बरोबर काढेल, मोजणी पुरी करेल आणि निरोप फोनच्या पोटात ठेवून गप्प बसेल.

हौशी : ताम्हिणीचं उदाहरण देऊन तुम्ही वाद सोपा करून घेता. आमच्या एकट्या राइड्स होतात कुठे? बहुतेक वेताळ टेकडीवर, पाषाण-बावधनच्या मागच्या डोंगरांवर, बोपदेव घाटाच्या आसपासच्या मुरमाड वाटांवर. ऑफिसच्या आधी दोन तास. तिथे रेंज भरपूर आहे, आणि तरी सकाळी सहाला त्या उतारावर माणूस नसतो. शहरापासून हाकेच्या अंतरावर झुडपाआड पडून राहणं घाटातल्या पडण्यापेक्षा कमी वाईट नसतं. तिथे दोन मिनिटांत गेलेला निरोप म्हणजे अर्ध्या तासात मदत. घाटमाथ्याच्या राइड्स वर्षात मोजक्याच, आणि त्याही बहुधा गटानं. विरळा प्रसंगात यंत्र थिटं पडतं म्हणून रोजच्या प्रसंगातलं त्याचं काम तुम्ही नाकारता.

शंकेखोर : हे मान्य. टेकडीवर त्याचा उपयोग आहे, आणि माणसं टेकडीवरच जास्त पडतात, कारण तिथे ती बेफिकीर असतात. मग निदान एवढं कबूल कर, की यंत्र निवडण्याआधी नकाशा निवडावा लागतो. दुकानात मात्र कुणी विचारत नाही की तुम्ही कुठे चालवता. बजेट विचारतात. ॲपलच्या अल्ट्रा घड्याळाच्या किमतीत चांगली हार्डटेल सायकल येते, हे तुला ठाऊक आहेच.

हौशी : नकाशाच्या आधी अंग. सेन्सर अंगावर कुठे बसतो, हा माझ्या मते पहिला प्रश्न, आणि तो लोक शेवटी विचारतात. हँडलवरचा संगणक मला नाही, सायकलला ओळखतो. सायकल वाटेवर अडकून राहिली आणि मी चाळीस फूट खाली गेले, तर तो सायकलचा पत्ता कळवील. उलट मी नीट उभी आहे आणि सायकल हातातून सुटून कातळावर आपटली, तर तो बोंब मारील. हेल्मेटचा सेन्सर डोक्याजवळ आहे, जिथे खरी भीती आहे तिथे. पण पाणी प्यायला थांबलं की हेल्मेट काढून हँडलला लटकवायची आपली खोड, आणि ते तिथून पडलं तर सेन्सरच्या लेखी माझं डोकं आपटलं. मनगट अंगाबरोबर जातं ही घड्याळाची जमेची बाजू. पण दगडगोट्यांवरून उतरताना सगळ्यात जास्त हादरे बसतात ते मनगटालाच. फोनमध्येच बसवलेली सोय सगळ्यात स्वस्त, पण फोन हँडलच्या क्लिपमध्ये असेल तर तो पहिला उडणार. म्हणून मी स्वतःपुरतं ठरवलंय : फोन पाठीवरच्या पिशवीत, घट्ट, आणि ओळखायचं काम मनगटानं करायचं. यात चूक आहे?

शंकेखोर : चूक नाही, अपुरेपणा आहे. हे सगळे सेन्सर धक्का मोजतात, इजा मोजत नाहीत. युरोपच्या ईएन १०७८ या मानकाप्रमाणे हेल्मेट साधारण दीड मीटरवरून सपाट ऐरणीवर टाकतात आणि आतल्या नकली डोक्याला २५० जीपेक्षा मोठा झटका बसता कामा नये असा दंडक आहे. प्रयोगशाळेत हे ठीक. वाटेवर काय होतं? चढणीवर माणूस सायकल ढकलत ताशी ३ किलोमीटरनं चाललेला असतो, कडेचा मुरूम सुटतो आणि तो कारवीतून घसरत खाली जातो. एकही मोठा झटका नाही, वेग एकदम शून्यावर आला असंही नाही. यंत्राला हे पडणंच वाटत नाही. दुसरं याहून वाईट. माणूस आपटतो, हँडलचं टोक बरगडीखाली घुसतं, प्लीहा फाटते. तो उठून उभा राहतो. यंत्र विचारतं, ठीक आहात ना? तो बटण दाबतो, ठीक आहे म्हणून. आत रक्त साचत राहतं आणि तासाभरानं तो वाटेवर बसकण मारतो. त्या वेळी काही आपटलेलं नसतं, म्हणून यंत्र झोपलेलं. डोक्याला मार लागलेल्यांचं तर विचारूच नको. त्यांना पहिली दहा मिनिटं ‘मला काही झालं नाही’ याच्याइतकी कसलीच खात्री नसते. आणि आपण तो निर्णय त्यांच्याच बोटावर सोपवतो, तोही अर्ध्या मिनिटाच्या आत.

हौशी : मग बटणच काढून टाकायचं? म्हणजे दर उडीला आईला फोन? तुम्ही एकाच दमात म्हणता की यंत्र कमी ओरडतं आणि बटण नको. ते बटण आहे म्हणूनच यंत्राला थोडं जास्त ओरडायची मुभा मिळते. खोटी हाक मी रद्द करते, खरी जाते.

शंकेखोर : कागदावर. हिशेब करून बघ. नुसता धरून चालायचा हिशेब हं, कुठला अभ्यास नव्हे. शंभर राइड्समध्ये एकदा तू मदत लागेल इतकी पडतेस, आणि यंत्र दर दहा राइड्सना एकदा उगाच ओरडतं. म्हणजे एका खऱ्या हाकेमागे दहा खोट्या. त्यातल्या नऊ तू रद्द करशील. दहावीच्या वेळी उतार लांब आहे, कानात वारा आहे, पूर्ण बोटांचे हातमोजे आहेत, जुलै आहे आणि स्क्रीनवर पावसाचे थेंबच बोटांपेक्षा जास्त दाबतायत. ती सुटली. आता घरी बसलेल्या माणसाच्या अनुभवात एक खोटी आणि अजून एकही खरी नाही. पुढच्या वेळी तो काय करील? आधी तुला फोन लावील, लागला नाही तर ‘उतारावर असेल’ म्हणेल. २०२२-२३ च्या हिवाळ्यात कोलोरॅडोच्या स्की-उतारांवरून आयफोन-घड्याळांनी ९११ ला इतके खोटे फोन केले, की तिथली केंद्रं जाहीरपणे कुरकुरली. ती पगारी यंत्रणा होती. आपल्याकडे ही भूमिका तू आईला दिली आहेस.

(इथे लेखकाला राहवत नाही म्हणून दोन ओळी. कोलोरॅडोत जे ओरडत होतं ते ‘क्रॅश डिटेक्शन’, म्हणजे २०२२ च्या सप्टेंबरात आयफोन १४ बरोबर आलेली, मुळात मोटारींच्या भीषण अपघातांसाठी घडवलेली सोय. तिला २५६ जीपर्यंतचे झटके मोजणारा सेन्सर दिला आहे. सायकलवाल्याच्या कामाची ती दुसरी, जुनी सोय : ‘फॉल डिटेक्शन’, घड्याळात २०१८ पासून असलेली. पंचावन्नच्या पुढच्या माणसाला ती आपोआप चालू मिळते, तरुणांना सेटिंग तपासावी लागते. दोन्ही एकाच मनगटावर असतात, आणि विकणारा त्या एकाच दमात सांगतो. विकत घेणाऱ्यानं सांगणाऱ्याचा दम जरा तोडावा.)

हौशी : रेंज नसण्यावर एक उत्तर होतं, तेही तुम्हीच तोडाल म्हणून मी आधी मांडते. उपग्रह. गार्मिनचं इनरीच इरिडियमच्या उपग्रहांवरून निरोप पाठवतं, टॉवरची गरज नाही. आयफोन १४ पासून उपग्रहावरून एसओएस देता येतो.

शंकेखोर : आणि यातलं काहीही सह्याद्रीत वापरता येत नाही. १८८५ चा तार कायदा आणि १९३३ चा बिनतारी कायदा यांच्या आधारानं परवान्याशिवाय असली उपकरणं बाळगणं आपल्याकडे गुन्हा ठरत आलंय. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर कॅनडाच्या एका धावपटूला इनरीच जवळ सापडलं म्हणून अडवलं गेलं. आयफोनची उपग्रह-एसओएस अमेरिका-कॅनडात २०२२ मध्ये सुरू झाली, पण इथे ती मिळत नाही. सुरक्षेची कारणं मला कळतात. पण ज्या डोंगरात ते यंत्र सगळ्यात उपयोगी, तिथेच ते बेकायदा, हे सत्य घेऊनच आपल्याला बोलावं लागेल.

हौशी : ठीक, उपग्रह बाद. पण माझा मुद्दा अजून उभा आहे. निरोप निघालाच, तर?

शंकेखोर : तर खरा प्रश्न सुरू होतो. मे २०२२ ची गोष्ट तुला आठवत असेल. दिल्लीचा एक तरुण अभियंता लोणावळ्याला ड्यूक्स नोजच्या बाजूला एकटा गेला, वाट चुकला. त्यानं घरी फोन केला होता, हरवलोय म्हणून. म्हणजे तुझं यंत्र जे करील ते त्यानं स्वतःच्या तोंडानं केलं, शुद्धीत. मग फोन बंद झाला. पोलीस, स्थानिक पथकं, एनडीआरएफ सगळे उतरले, आणि चार दिवसांनी दरीत त्याचा देह मिळाला. निरोप पोचणं आणि माणूस पोचणं यांच्यामध्ये एवढी दरी असते. ही यंत्रं बनवणाऱ्यांच्या मनातला देश वेगळा आहे. स्वित्झर्लंडमध्ये १९५२ पासून रेगा आहे, १४१४ फिरवलं की हेलिकॉप्टर उठतं. तिथे सेन्सरला फक्त साखळीची पहिली कडी व्हायचं असतं, बाकीच्या तयार असतात. आपल्याकडे लोणावळ्याची शिवदुर्ग मित्र, खोपोलीची यशवंती हायकर्स, महाबळेश्वर ट्रेकर्स अशा संस्था आहेत. अखिल महाराष्ट्र गिर्यारोहण महासंघानं त्यांच्यात मेळ घालायला रेस्क्यू समन्वय केंद्रही केलंय. पण दोर घेऊन येणारा माणूस कुणी दुकानदार असतो, कुणी शिक्षक, कुणी रिक्षावाला. त्याला उठवावं लागतं, गाडी काढावी लागते, आणि सगळ्यात आधी त्याला कळावं लागतं की कुठून चढायचं.

हौशी : तेच तर यंत्र सांगतं. अक्षांश-रेखांश, दशांशाच्या पाच आकड्यांपर्यंत. ‘मोठ्या आंब्याच्या पुढे डावीकडे’पेक्षा बरं नाही का ते?

शंकेखोर : सपाटीवर बरं. कड्यापाशी वीस-तीस मीटरची चूक म्हणजे काय? दाट झाडीत, नाळेच्या दोन भिंतींमध्ये, तेवढी चूक सहज होते. नकाशावर वीस मीटर सरकलं की माणूस कड्याच्या वर आहे की तळाशी, हेच बदलतं. मढे घाटाच्या तोंडावर उभी राहा. वर केळद, पुणे जिल्हा. खाली महाडचा मुलूख, रायगड जिल्हा. पोलीस ठाणं वेगळं, गाडीरस्ता वेगळा, यायचं पथक वेगळं, आणि चुकीच्या बाजूनं आलात तर अर्धा दिवस गेला. ठिपका हे सांगत नाही. तुझ्या आईला तो ठिपका बघून हे कळेल? कुणाला निरोप जावा हे ॲपमध्ये भरताना आपण सगळे काय करतो? सगळ्यात जास्त प्रेम करणाऱ्याचं नाव घालतो. नकाशा वाचता येणाऱ्याचं घालत नाही.

हौशी : हे लागलं. माझ्या यादीत आई पहिली आहे. पण मी ती का घातली, हे तुम्हाला कळणार नाही. तुम्ही चोविसाव्या वर्षी पाठपिशवी उचलून रायगडाला निघालात तेव्हा कुणी दार अडवलं नाही. मला दर वेळी ‘एकटी?’ या प्रश्नावरून घराबाहेर पडावं लागतं. ते यंत्र आल्यापासून आई निदान ‘घड्याळ घातलंस ना?’ एवढंच विचारते. माझी पहिली चढण घरात होती, ती या यंत्रानं उतरवली.

शंकेखोर : म्हणजे तू सुरक्षितता विकत घेतली नाहीस. परवानगी घेतलीस.

हौशी : घेतली. त्यात वाईट काय? परवानगी नसती तर मी डोंगरात नसते, नाहीतर चोरून गेले असते, आणि चोरून जाणारी बाई कुठे जाते हे कुणालाच सांगत नाही. तुमच्या हिशेबानंसुद्धा तेच सगळ्यात धोक्याचं. आणि लाइव्ह लोकेशन पाठवून ठेवणं आम्हा बायकांना डोंगरात शिकावं लागत नाही. रात्रीच्या रिक्षात बसल्यापासून ती सवय आहे. तुम्हाला यंत्राची नवलाई वाटते, आम्हाला नाही.

शंकेखोर : हा मुद्दा माझ्या डोक्यात नव्हता, आणि तो मी खोडू शकत नाही. पण परवानगीची एक किंमत असते, ती बघ. १९७५ साली सॅम पेल्ट्झमन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञानं मांडलं होतं, की मोटारीत सुरक्षेची साधनं सक्तीची केली की चालवणारे जास्त धाडस करतात आणि फायदा खाऊन टाकतात. त्यावर पुढे पुष्कळ वाद झाले. सीटबेल्टनं जीव वाचतात हे आज कुणी नाकारत नाही. तेव्हा मी सिद्धांत लादत नाही. एवढंच विचारतो : घड्याळ नसतं तर एखाद्या ओढ्यातल्या उतारावर तू एकटी उतरली असतीस, की सायकल हातात धरून चालली असतीस?

हौशी : खरं सांगू? चालले असते कदाचित. पण हेल्मेट नसतं तरीही चालले असते, आणि मागचा ब्रेक निकामी असता तरीही. धोक्याची पातळी साधनांबरोबर सरकते. ती फक्त या एका साधनाबरोबर सरकते असं म्हणून त्यालाच दोष का? आता तुमची पाळी. इतका वेळ तुम्ही माझ्या साखळीतल्या कड्या मोजताय. तुमची साखळी दाखवा.

शंकेखोर : माझी कडी एकच. निघण्याआधी एका माणसाला लिहून द्यायचं : कुठून चढणार, कुठून उतरणार, गाडी कुठे ठेवणार, आणि किती वाजता माझा फोन आला नाही तर तू हालचाल सुरू करायची. बस. ॲरॉन राल्स्टनची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते, पण एक तपशील कुणी लक्षात घेत नाही. एप्रिल २००३ मध्ये यूटाच्या ब्लूजॉन कॅन्यनकडे तो माउंटन बाइकवरून गेला होता. पुढे घळीत शिळा निसटून हात अडकला, १२७ तास. तो कुठे आहे हे कुणालाही सांगितलं नव्हतं. त्या वेळी तुझं घड्याळ त्याच्या हातावर असतं तरी घळीतून निरोप गेला नसता, आणि त्यानं कदाचित ‘पडलो’ असं म्हटलंही नसतं. पण ‘ठरल्या दिवशी परत आलो नाही तर शोधा’ एवढी चिठ्ठी कुणाकडे असती तर? आणि सह्याद्रीत पडण्याशिवाय कितीतरी गोष्टी आहेत. आग्यामोहोळ उठतं. एप्रिलात ऊन लागतं. फुरसं पायाखाली येतं. यातलं काहीच झटका देत नाही. घड्याळाची वेळ मात्र या सगळ्यांना सारखीच लागू पडते.

हौशी : आणि सगळ्यांना सारखीच उशिरा. सहाला निघाले, अकराला परत, वर दोन तास सवलत, म्हणजे एक वाजता तुमचा माणूस उठणार. मी सात वाजता पडले असेन तर सहा तास. रक्त सहा तास थांबत नाही. टेकडीवर माझं यंत्र दोन मिनिटांत ओरडलं असतं. शिवाय तुमचा माणूसही चुकतोच. तुम्ही घरी पोचून फोन करायला विसरता, आणि तो शोधायला निघतो. खोट्या हाका काय फक्त सेन्सर देतो? आणि एक सांगू, तुमची चिठ्ठी अँजीच्या ॲपमध्येही आहे. रेंजबाहेर जाणार असाल तर राइड किती वेळ चालेल ते आधी भरायचं. त्या वेळेत नोंद झाली नाही तर शेवटच्या माहीत असलेल्या ठिकाणासह निरोप जातो. म्हणजे यंत्र आणि चिठ्ठी असे दोन पक्ष नाहीतच.

शंकेखोर : दोन पक्ष आहेत, आणि तूच आत्ता त्यांची सीमा नेमकी काढलीस. सेन्सर काहीतरी घडलं की बोलतो. चिठ्ठी काहीतरी घडलं नाही की बोलते. सेन्सर बिघडला, बॅटरी संपली, रेंज गेली, फोन फुटला, तर काय ऐकू येतं? काहीच नाही. आणि सगळं सुखरूप असलं तर? तेही काहीच नाही. दोन्ही शांतता सारख्याच. चिठ्ठीचं उलट. तिच्या बाबतीत शांतता हाच गजर. बॅटरी संपली तरी गजर होतो, मी विसरलो तरी होतो, मेलो तरी होतो. ती चुकते तेव्हा ओरडून चुकते. सेन्सर चुकतो तेव्हा गप्प राहून चुकतो. रेंज नसलेल्या डोंगरात मला ओरडून चुकणारी गोष्ट हवी.

हौशी : मग दोन्ही ठेवा! टेकडीवर सेन्सर, घाटात चिठ्ठी, आणि शक्य तिथे एकावर एक. हे तर मी पहिल्यापासून म्हणते.

शंकेखोर : म्हणत नव्हतीस, पण जाऊ दे. मला त्या ‘एकावर एक’चीच भीती वाटते. तुला वाटतं दोन कुलपं म्हणजे दुप्पट सुरक्षा. पण ती दोन्ही उघडणारा माणूस एकच आहे. साडेबारा वाजले. तुझा फोन नाही. घड्याळाचा निरोपही नाही. आई काय विचार करते? ‘काही झालं असतं तर घड्याळानं कळवलं असतं.’ आणि ती थांबते. एक वाजतो, ती आणखी थांबते. यंत्र नसतं तर तिनं साडेबारालाच धावाधाव केली असती. म्हणजे सेन्सर गप्प बसून नुसता निरुपयोगी ठरला नाही, त्यानं चिठ्ठीचाही गजर दाबला.

हौशी : ... हे वाईट आहे. आणि खरं आहे. आई नेमकं तेच म्हणेल. पण याचा उपाय यंत्र फेकणं नाही, ते कसं वागतं हे सांगणं आहे. घाटात जाते त्या दिवशी मी तिला सांगीन, आज घड्याळाकडून काही अपेक्षा ठेवू नकोस, आज फक्त वेळ बघ.

शंकेखोर : आणि तिनं तुला जाऊ द्यायचं कारण काय होतं? घड्याळ.

हौशी : हो. म्हणजे ज्या दिवशी मला तिच्या धीराची सगळ्यात जास्त गरज, त्याच दिवशी मी तिच्या धीराचा पाया काढून घ्यायचा. यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण तुमच्याकडेही नाही. तुम्ही ते ओझं मुळात टाकलंच नाहीत, कारण तुम्हाला कुणी विचारलं नाही. एवढं मात्र करते. यादीत आईच्या वर एक नाव घालते, नकाशा वाचणाऱ्या मैत्रिणीचं. आईला निरोप जाईल, पण हालचाल मैत्रीण करील. आईला हे पटेल की नाही, माहीत नाही. आता सांगा, एक वाजला, मी नाही. मैत्रिणीनं पहिला फोन कुणाला करायचा? मी म्हणते ११२.

शंकेखोर : ११२ लावायचाच, पण तिथे ती ‘मढे घाट’ म्हणेल आणि समोरचा ‘तालुका कोणता’ विचारील. रेस्क्यू समन्वय केंद्राला लगोलग कळवावं, त्यांना घाट ठाऊक असतात. पण सगळ्यात आधी फोन शेवटच्या वाडीतल्या माणसाला. सकाळी सायकल वर गेली, परत आली का, एवढंच विचारायचं. माणसं जिवंत सापडतात तेव्हा बहुधा पहिला पोचतो तो गुराखी किंवा धनगरवाड्यातला कुणीतरी. त्याला ढोरवाटा पाठ असतात. म्हणून जाताना त्याच्याकडे दोन मिनिटं थांबायचं, चहा घ्यायचा, नंबर घ्यायचा, कुठे जातो ते सांगायचं.

हौशी : आणि त्याचा फोन लागणार कसा? तिथे रेंज नाही म्हणून तर हा सगळा खटाटोप.

शंकेखोर : प्रत्येक वाडीत एक जागा असते, देवळाचा पार किंवा टाकीचा चौथरा, जिथे रेंज येते. तिथे कुणी ना कुणी असतं.

हौशी : ‘कुणी ना कुणी असतं.’ दुपारी एकला, भातलावणीच्या दिवसांत. माझा सेन्सर ‘रेंज असली तर’ म्हणतो तेव्हा तुम्ही हसता, आणि तुमचा गुराखी पारावर असला तर चालतो?

शंकेखोर : गुराखी नसला तर त्याची बायको असते. आणि एक फरक आहेच : ती उठून बघायला जाऊ शकते.

हौशी : फोन लागला तर. बरं, चहा घेईन, नंबर घेईन, घड्याळही घालीन. आणि चिठ्ठीत एक नाही, साडेबारा लिहीन.

शंकेखोर : साडेबाराला ऊन डोक्यावर असतं आणि पथक पोचेस्तोवर चार वाजतात. अकरा लिही.

हौशी : अकरा लिहिलं तर घाईनं उतरीन आणि घाईनंच पडीन. साडेअकरा.